नखं वाढवली आणि गिटार पत्र्यासारखी वाजायला लागली

सहावी_तार (धागाकर्ता) | ३ जुलै, रात्री ११.४०

मंडळी, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार शिकतोय, तीन वर्षं झाली. आधी नखं कापूनच वाजवत होतो. जानेवारीत सर म्हणाले, उजव्या हाताची नखं वाढव, आवाजाला धार येईल. वाढवली. धार आली, पण विळीची. परवा तारेगाचं 'लाग्रिमा' मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. पहिल्या दोन तारांवर प्रत्येक सूर सुटताना आधी 'टिच्', आणि मागोमाग पत्र्याच्या डब्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी. आई आतून म्हणाली, "आधी वाजवायचास ते बरं होतं रे, आता कोणीतरी घड्याळ दुरुस्त करतंय असं वाटतं."

सध्याची स्थिती अशी. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, तिन्ही नखं बोटापुढे साधारण ४ मिलिमीटर. नेलकटरने कापलेली, त्यालाच असलेल्या कानशीने घासलेली. तारा कार्बनच्या, दुकानदार म्हणाला आवाज लांबपर्यंत जातो. मला हवा आहे तो उबदार, मऊ आवाज. नखं सरळ कापून टाकू का?

---

खर्जप्रेमी | ३ जुलै, रात्री ११.५२

४ मिलिमीटर? अहो, बोटं आहेत की खवणी? कापा.

---

खोडसाळ_पंत | ४ जुलै, सकाळी ७.१५

उबदार गोधडी असते. आवाज गोल असतो, भरदार असतो, फार तर घुमारदार. बाकी चालू द्या. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

---

नखशिखांत | ४ जुलै, सकाळी १०.०५

सहावी_तार, थांबा, सरसकट कापू नका.

उजवा हात डोळ्यांसमोर धरा, तळवा स्वतःकडे. बोटाच्या मांसावर नखाची जेमतेम कड दिसली पाहिजे, बीजेच्या कोरीएवढी. एक ते दीड मिलिमीटर, फार तर दोन. चार मिलिमीटर असलं की तार मांसाला शिवतच नाही, थेट नखावर आदळते. तुमचा 'टिच्' तो हाच. गोल आवाज हवा तर आधी मांस, मग नख, अशी तार एकाच हालचालीत सरकायला हवी. मांस तिला धरतं, आधीची थरथर थांबवतं आणि नख सोडून देतं. धरणं आणि सोडणं यांच्यामध्ये फट राहिली नाही तर टिचकी ऐकूच येत नाही.

लांबी बरोबर आहे का हे बघायला पेन्सिल घ्या. वाजवताना बोट तारेवर ज्या कोनात येतं त्याच कोनात पेन्सिल टोकाला टेकवा. मांस आणि नख दोन्ही एकदम लागले तर उत्तम. आधी नखच लागलं तर लांब आहे. हा कोन प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याच्या नखाची लांबी उसनी घेऊन उपयोग नाही.

आता आकार. बदामासारखं टोक काढायचा मोह होतो. काढू नका, तार एका टोकावरून सुटली की आवाज सुईसारखा बारीक येतो. हात पालथा धरून नख वरून बघा. अंगठ्याकडची बाजू बुटकी ठेवा, तिथून करंगळीकडे हलकी चढण द्या, माथा मध्याच्या किंचित पलीकडे आणि मग गोल उतार. तार बुटक्या बाजूने आत येते, घाट चढते आणि माथ्यावरून सुटते. वाटेत खाच असेल तर तिथे ठेचकाळते, आणि ती ठेच ऐकू येते.

राहिलं घासणं. बहुतेकांचा घात इथेच होतो. नेलकटरच्या कानशीने नखाच्या कडेला करवतीसारखे दाते पडतात. काचेची कानस घ्या. मग हार्डवेअरवाल्याकडे वॉटर पेपर मागा, गाडी रंगवणारे वापरतात तो काळा. ६००, १००० आणि २००० नंबर, एकेक तुकडा वर्षभर पुरतो. २००० ने आधी कड, मग नखाची आतली बाजू. तार आतल्या बाजूनेच घासत जाते आणि सगळे फक्त वरून चकाकी आणतात! शेवटी कड जॉर्जेटच्या ओढणीवरून अलगद ओढा. धागा अडकला तर काम बाकी आहे.

मी क्लासमध्ये पहिली पाच मिनिटं मुलांची नखंच बघते. शाळेत सोमवारी नखं तपासणाऱ्या बाई असायच्या ना, तशीच. फक्त आमच्याकडे डाव्या हाताची वाढलेली दिसली तर ओरडा आणि उजव्या हाताची मुळापासून कापलेली दिसली तरी ओरडा.

---

मऊ_बोट | ४ जुलै, दुपारी १.२०

मी वेगळं सांगतो. नखं कापा आणि परत वाढवूच नका.

धागाकर्ते, तुम्ही 'लाग्रिमा' वाजवताय. ज्याने ते लिहिलं त्या फ्रान्सिस्को तारेगाने (१८५२-१९०९) आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत नखं सोडून दिली होती आणि नुसत्या बोटांनी वाजवत होता. त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल तर जन्मभर बिननखांचा पुरस्कर्ता. त्याच्याही आधी स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर. १८३० साली पॅरिसमध्ये त्याचं गिटार शिकवणारं पुस्तक छापलं गेलं, त्यात नखांबद्दलची नाराजी त्याने लपवलेली नाही. मैफलीत मागे बसलेल्याला ऐकू यायला हवं म्हणून नखं आली. तुम्ही घरी आईला ऐकवताय, आणि तिला आधीचाच आवाज आवडत होता. निकाल लागला की!

---

नखशिखांत | ४ जुलै, दुपारी २.४५

मऊ_बोट, इतिहास बरोबर, पण अर्धा. सोरचा जिवलग मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी वाजवायचा. त्याच्यापुरता सोरनेही अपवाद केला होता आणि दोघांनी मिळून वाजवायला 'दोन मित्र' नावाचं युगुलवादन लिहिलं. गंमत म्हणजे सोरचं वादन ऐकून आग्वादोने अंगठ्याचं नख सोडलं, बाकीची ठेवली. मला हा तह फार आवडतो. मीही तसंच करते, खर्जाच्या तारांना अंगठ्याचं मांस आणि उंच सुरांच्या तारांना नख. आणि तारेगाचाच दुसरा शिष्य मिगेल ल्योबेत नखांनी वाजवायचा. एकाच घरात दोन पंथ.

शिवाय ते सगळे आतड्याच्या तारांवर वाजवत होते. नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात आल्या, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने आणल्या आणि स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने उचलून धरल्या. आतडं खरखरीत, बोटाला धरून ठेवतं. गुळगुळीत नायलॉनवरून नुसतं बोट निसटतं, त्यामुळे जुना नियम जसाच्या तसा लागू होत नाही.

---

मऊ_बोट | ४ जुलै, दुपारी ३.१०

अंगठ्यापुरता तह मान्य. पुढचं नाही.

---

तरंगलांबी | ४ जुलै, रात्री ९.३०

नखांवर सगळा दोष जातोय म्हणून थोडं भौतिकशास्त्र.

तार बोटाने ओढता तेव्हा तिला कोपरा पडतो. कोपरा टोकदार असला की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरात मिसळलेले दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर) जास्त, आवाज चमकदार. कोपरा गोल असला की ते कमी. नखाची कड बारीक, मांसाचा स्पर्श रुंद, म्हणून हा सगळा फरक.

पण तार *कुठे* छेडता हेही तितकंच महत्त्वाचं. क्लासिकल गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर असते. बरोबर मधोमध, म्हणजे बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या पट्टीवर) छेडली तर २, ४, ६ हे सम हार्मोनिक्स निघतच नाहीत. बासरीसारखा पोकळ आवाज येतो. ब्रिजपासून (तारा जिथे पोटावर बांधतात ती पट्टी) ६५ मिलिमीटरवर छेडली तर दहावा गळतो, त्याच्या खालचे सगळे हजर, म्हणून तिथे पत्रा. नखांना हात न लावता उजवा हात ब्रिजपासून पाच सेंटिमीटर साउंडहोलकडे (पोटावरच्या गोल भोकाकडे) सरकवा आणि तेच पान वाजवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

तिसरी गोष्ट दिशेची. तार गिटारच्या पोटाला समांतर ओढली तर आवाज पातळ. सोडण्यापूर्वी लाकडाच्या दिशेने किंचित आत दाबली तर वरची फळी जास्त हलते आणि आवाज भरतो. आपोयांदो, म्हणजे छेडून बोट पुढच्या तारेवर टेकवणं, यात हे आपोआप होतं.

आणि तुमच्या तारा कार्बनच्या आहेत. कार्बन नायलॉनपेक्षा घन, म्हणून तारा बारीक आणि आवाज उजळ. साध्या नायलॉनच्या, मध्यम ताणाच्या लावून बघा. मोबाईल कुठे ठेवला होता?

---

सहावी_तार | ४ जुलै, रात्री ९.५०

मांडीवर. गिटारच्या पोटाला टेकून. :(

---

तरंगलांबी | ४ जुलै, रात्री ९.५२

मग घड्याळच ऐकू येणार. बाराव्या फ्रेटसमोर दोन फुटांवर स्टुलावर ठेवा.

---

जवारी | ५ जुलै, सकाळी ६.४०

गिटारातलं मला कळत नाही, पण नखांचं भांडण ओळखीचं आहे. मी मिरजेचा, घरात तंबोरे. लहानपणी तंबोऱ्यावर बसवलं तेव्हा पहिली अट नखं कापलेली हवीत. नख लागलं की तारेचा आवाज 'सुरू' होताना ऐकू येतो, आणि तंबोऱ्यात सुरुवात ऐकू येताच कामा नये, नुसता नाद पाहिजे. आमच्याकडे बोट तारेवर आडवं येत नाही. तारेच्या रेषेत निजतं आणि पेराच्या बाजूने हळूच निसटतं. स्पर्श लांबट, सुटका सावकाश.

ते बोट निजवणं गिटारवर थोडंफार जमतं का, हे जाणकारांनी सांगावं. बाकी सतारवाल्यांनी बोटात मिजराब (तारेची नखी) घालून हा प्रश्नच मिटवला. सरोदियांची तऱ्हा उलटी. छेडायला हातात नारळाच्या करवंटीचा जवा, आणि डाव्या हाताच्या नखांच्या कडेने पोलादी तार दाबायची. त्यांच्या नखांना खाचा पडतात, त्या घासत बसावं लागतं. वॉटर पेपरचा खर्च तुमच्यापेक्षा जास्त.

---

नखशिखांत | ५ जुलै, सकाळी ९.२०

जवारी, वाखूसा (वाचनखूण साठवली)! जमतं. मनगट किंचित डावीकडे वळवून बोटं तारांना तिरकी ठेवली की नखाची बाजू लागते, टोक नाही. सरळ काटकोनात ओढलं की आवाज कोरडा. तिरप्याचाही अतिरेक नको, खर्जाच्या तिन्ही तारांना वेढे असतात, त्यावरून नख घसरत गेलं की चेन उघडल्यासारखी खर्रर्र येते.

---

एडिसनकर | ५ जुलै, संध्याकाळी ७.०० (इकडची)

आम्ही स्टीलवाले, आमचं दुःख आणखी मोठं. ब्रॉन्झचा वेढा असलेली पोलादी तार नख कानशीसारखं खाते. आठवड्याभरात कडेला खाच. त्यात न्यू जर्सीचा हिवाळा, घरात हीटर, हवा कोरडी ठणठणीत, नख कडाकड तुटतं. म्हणून बरेच स्टीलवाले अंगठ्यात थंबपिक (अंगठ्याची नखी) घालतात आणि बाकी बोटं मांसावर ठेवतात.

रच्याकने (जाता जाता), एक धडा. गेल्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नख चिरलं. कुठेतरी वाचलं होतं की चिरेवर कापसाचे तंतू ठेवून झटपट चिकटणारा गोंद सोडायचा. सोडला. धूर निघाला हो! बोटाच्या टोकाला फोड आला आणि कार्यक्रमात नख तर नाहीच, बोटही नाही. तेव्हापासून जुन्या टेबल टेनिस बॉलचा तुकडा कापून नखाखाली चिकटवतो. त्याची वक्रता नखाशी बरोबर जुळते. स्पेनमधून आलेल्या एका फ्लॅमेन्को वाजवणाऱ्याने दाखवलं.

---

त्वचाविशारद | ५ जुलै, रात्री १०.१५

एडिसनकर, तो गोंद सायनोअॅक्रिलेट. कापसाशी गाठ पडली की इतका तापतो की भाजतं. कापूस, सुती कापड नको. टिश्यूही सेल्युलोजच, तेव्हा तो प्रयोगही टाळलेला बरा. बॉल जुना सेल्युलॉइडचा असेल तर आगीपासून लांब ठेवा, भुरुकन पेटतो. २०१४ पासून स्पर्धांमध्ये प्लास्टिकचे आले आहेत.

बाकी नखाबद्दल थोडक्यात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे धागाकर्त्याने आज दोन-अडीच मिलिमीटर काढलं आणि पस्तावला तर महिन्याभरात परत मिळेल, घाबरू नका. नखाचा मोठा शत्रू पाणी. भिजणं, वाळणं, पुन्हा भिजणं याने थर सुटतात आणि कड फाटते. भांडी घासताना हातमोजे घाला. रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल चोळा, महागडं काही लागत नाही. अंघोळीनंतर लगेच नखं घासू नका, मऊ असतात, कड कुरतडली जाते. पावसाळ्यात तर विशेष.

बायोटिनच्या गोळ्या लोक परस्पर घेतात. कमतरता नसेल तर फायद्याचा पुरावा तोकडा, आणि मोठ्या मात्रेत घेतल्या तर थायरॉइडसकट काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर लोह तपासा. पार्लरमधली जेल नखं काहींना चालतात, पण त्यातल्या रसायनाची अॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते. असे रुग्ण मी बघतो.

---

खोडसाळ_पंत | ५ जुलै, रात्री १०.४०

शनिवारी नखं कापू नयेत हे अजून कोणी सांगितलं नाही. आणि दिवेलागणीनंतर तर नाहीच.

---

नखशिखांत | ५ जुलै, रात्री १०.४४

कापायची नाहीत. घासायला चालतात. :)

---

सहावी_तार | १३ जुलै, रात्री ११.१०

अहवाल.

पहिल्या दिवशी फक्त हात सरकवला. तरंगलांबी, निम्मी नाही, पण चौथा हिस्सा तक्रार गेली. मोबाईल स्टुलावर ठेवल्यावर आणखी थोडी. दुसऱ्या दिवशी कार्बन काढून नायलॉन लावल्या. तीन दिवस सारख्या उतरत होत्या, सूर लावण्यातच वेळ गेला. तिसरी तार आता ढब्ब वाजते, तो नायलॉनचा स्वभाव आहे म्हणे.

मग नखं. टेबललॅम्पखाली बसून तर्जनीचं नख पहिल्यांदाच नीट बघितलं. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तर कड अक्षरशः भाकरीच्या कडेसारखी. दाते, भेगा, एका ठिकाणी तिरका टवका. काचेच्या कानशीने दीड मिलिमीटरवर आणलं, घाट काढला. हार्डवेअरवाल्याने विचारलं, गाडी कुठली? म्हटलं, नख. त्याने २००० नंबरचे दोन तुकडे फुकट दिले. बायकोची ओढणी पहिल्या रात्री सहा वेळा अडकली, चौथ्या रात्री एकदाही नाही.

तर्जनी आणि मधलं बोट आता वेगळंच वाजतं. सूर सुरू होताना कळत नाही, जवारी म्हणतात तसं. आवाज लहान झाला, मात्र भरला. 'लाग्रिमा'चं पहिलं पान ऐकून आईने टीव्ही म्यूट केला, प्रतिक्रिया काही दिली नाही. मी ती चांगली धरतोय.

अनामिका मात्र ऐकत नाही. तिचं नख पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं आहे. कितीही आखूड केलं तरी तार अडकते आणि टिच्.

---

नखशिखांत | १४ जुलै, सकाळी ८.३०

वळणाऱ्या नखाला घाट चालत नाही. ते जवळजवळ सपाट कापा, मांसाच्या अगदी बरोबरीने, आणि दोन्ही कोपरे गोल करा. मग वॉटर पेपरची पट्टी पहिल्या तारेवर पांघरा, खरखरीत बाजू वर, आणि त्या पट्टीवर अनामिकेने नेहमीसारखं वीस-पंचवीस वेळा छेडा. नख तुमच्या कोनाप्रमाणे आपोआप घासलं जाईल. ६०० ने नको, १००० ने. तरीही अडकत असेल तर त्या एका बोटाने मांसानेच वाजवा, कोणाला कळणार नाही.

---

मऊ_बोट | १४ जुलै, सकाळी ९.०२

एक बोट आमच्याकडे आलं. उरलेल्या दोघांची वाट बघतोय.

---

सहावी_तार | १९ जुलै, रात्री १०.३०

मऊ_बोट, तुमची जीभ काळी आहे. पट्टीची युक्ती चालली, अनामिका सुधारली, तिन्ही बोटांचा आवाज पहिल्यांदाच एका घरातला वाटत होता. आणि आज संध्याकाळी नवी किल्ली रिंगमध्ये घालताना मधल्या बोटाचं नख कोपऱ्यातून गेलं. चिरलं नाही, गेलंच. २६ तारखेला सरांकडे वादन आहे.

---

नखशिखांत | १९ जुलै, रात्री १०.४८

चिकटवाचिकटवी करू नका. तर्जनी आणि अनामिकाही मांसाच्या बरोबरीने घासून टाका, म्हणजे तिन्हींचा आवाज सारखा राहील. एक बोट वेगळं वाजलं की कान तिथेच जातो. आठवडाभर रोज मांसानेच वाजवा, आपोयांदो जास्त घ्या, वेग थोडा कमी ठेवा. 'लाग्रिमा'ला तसंही सावकाशच बरं वाटतं.

---

त्वचाविशारद | १९ जुलै, रात्री ११.००

नखाखालचं मांस उघडं पडलं असेल तर दोन दिवस बँडेज, मग वाजवा.

---

खर्जप्रेमी | १९ जुलै, रात्री ११.०५

मी ३ तारखेलाच म्हटलं होतं, कापा. आणि यापुढे किल्ल्या डाव्या हाताने घाला.

---

सहावी_तार | १९ जुलै, रात्री ११.०७

डाव्या हाताला नखंच नाहीत हो.